निळ्या काकांचा चहा

कंपनीत शिकाऊ मुलं टिकत नाहीत, हा शोध वरच्या मजल्यावर लागला तेव्हा खालच्या मजल्यावर तो इतका जुना झाला होता की त्याबद्दल कुणी बोलतही नसे. मुलं यायची. आधी हत्यारं मोडायची, मग बोटं कापून घ्यायची, आणि जरा कुठे हात बसला, आता उपयोगाला येणार असं वाटलं, की रस्त्यापलीकडच्या कंपनीत जायची. पलीकडची कंपनी शिकवण्याच्या भानगडीत पडत नसे. तिला ती गरजच नव्हती.

संचालकांनी एका बैठकीत विचारलं, "आपण कारखाना चालवतोय की पलीकडच्यांसाठी शाळा?" उत्तर कुणाकडेच नव्हतं, म्हणून एक पद निर्माण झालं आणि त्या पदावर एक मॅडम आल्या. पदाचं नाव दारावरच्या पाटीत दोन ओळी करून बसवावं लागलं होतं. खालच्या मजल्याने ते आखूड करून 'थांबवणाऱ्या बाई' केलं. माणसं थांबवण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता. आजवर चार कंपन्यांमध्ये त्यांनी हेच काम केलं होतं, आणि कुठेही फार दिवस केलं नव्हतं.

बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. मुलं थांबावीत असं त्यांना मनापासून वाटे. त्यासाठी त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये रंगीत खुर्च्या आणल्या. भिंतीवर हसऱ्या तरुणांची पोस्टरं लावली. ते तरुण विकतच्या फोटोतले होते, कारण कंपनीत तसं हसणारं कुणी वेळेवर सापडलं नाही. प्रत्येक शिकाऊला 'मी इथेच!' असं छापलेला मग दिला. आणि या सगळ्यानंतर, केक कापून, त्यांनी योजना जाहीर केली. शिक्षणाच्या शेवटी जी परीक्षा होते, तिच्यात जो पास होईल त्याला त्याच आठवड्यात कायम नोकरी. मध्ये कंत्राट नाही, वाट बघणं नाही, काही नाही.

टाळ्या झाल्या. जुन्या कामगारांनी केक खाल्ला आणि योजना नेहमीप्रमाणे कानाआड टाकली. अशा योजना त्यांनी बऱ्याच पाहिल्या होत्या. केक मात्र या वेळी बरा होता.

निळे काका त्या वेळी हॉलमध्ये नव्हते. ते चहाला गेले होते.

कारखान्यात घासाईची मोठी यंत्रं तयार होत. अशा यंत्राचा लोखंडी पाया, म्हणजे बेड, मशीनवर कितीही घासला तरी त्याची शेवटची सपाटी माणसाच्या हातानेच आणावी लागते. ते काम एका कोपऱ्यात चाले. एक लांबलचक, अगदी सरळ पोलादी पट्टी असते. तिला खालून निळा रंग पातळ चोपडायचा, ती बेडवर ठेवून हलकेच सरकवायची आणि उचलायची. जिथे लोखंड उंच असेल तिथे निळं उमटतं. उमटलं असेल तेवढंच खरवडायचं. मग पुन्हा रंग, पुन्हा पट्टी, पुन्हा खरवडणं. असं दिवसचे दिवस. हे काम करणाऱ्याची बोटं आधी निळी होतात आणि मग निळीच राहतात. काकांचं खरं नाव पगारखात्याला माहीत होतं, बाकी कुणाला विचारायची वेळ आली नव्हती.

त्यांच्या हाताखाली जी मुलगी होती तिला सगळे 'धाकटी निळी' म्हणत. ती खरं तर कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसाठी आली होती. तिथल्या जागा भरल्या होत्या, आणि या कोपऱ्यात यायला बाकीच्या मुलांनी एकमुखाने नकार दिला होता, म्हणून हिला इकडे ढकललं. पहिले काही महिने ती रोज पाठ दुखते म्हणून रडकुंडीला यायची. मग कधीतरी, आपण खरवडलेल्या पृष्ठभागावर उजेड कसा एकसारखा पडतो ते तिच्या लक्षात आलं, आणि ती बिघडली. तिला काम आवडायला लागलं. ही गोष्ट तिने घरी बरेच दिवस लपवून ठेवली.

घर म्हणजे दादा-वहिनीच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीतला दिवाण हिचा. वहिनी तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ होती.

"बाई गं," वहिनी म्हणायची, "तू दिवसभरात कुठे कुठे हात लावलास ते मला विचारावं लागत नाही. दिव्याचं बटण, फ्रीज, बिस्किटांचा डबा. चोऱ्या करायचा विचार असेल तर सोडून दे. पहिल्याच दिवशी सापडशील."

"स्पिरिटने जातं ते वहिनी."

"जातं ना! पुसणारी कोण, ते विचार."

दादाचं म्हणणं वेगळं होतं. "दोन वर्षं लोखंड खरवडतेस. पुढे काय? कायम करणार आहेत का? नसतील तर आत्ताच हातपाय हलव. मी काही म्हणत नाही, पण घर केवढं आहे ते तूच बघतेस." दादा काही म्हणत नाही असं म्हणून सगळं म्हणून टाकायचा. वहिनीला दिवस गेले होते, आणि बाहेरच्या खोलीतला दिवाण लवकरच लागणार होता. कायम नोकरी मिळाली तर कंपनीच्या मुलींच्या वसतिगृहात खोली मिळत होती, मागच्या बाजूला, खिडकीतून भट्टीचं धुराडं दिसणारी. धाकट्या निळीने ती खोली एकदा बाहेरून बघून ठेवली होती. खिडकीला पडदा कुठला लावायचा इथवर तिचं ठरलं होतं.

काकांची एक खोड सगळ्या कारखान्यात प्रसिद्ध होती. बेड संपत आला, शेवटचा निळा ठसा घ्यायची वेळ आली, की ते पट्टी तिच्या लाकडी घोडीवर ठेवत, हात पुसत आणि चहाला जात. कॅन्टीन कितीसं लांब असणार! पण काका गेले की गेलेच.

"निळ्याचा चहा कॅन्टीनमध्ये होत नाही," फोरमन म्हणायचा. "तो मळ्यात जाऊन पानं खुडतो, वाळवतो, मग उकळतो."

या चहापायी काकांना एकदा ताकीद मिळाली होती. काकांनी ती घडी घालून घोडीखालच्या खणात, चिंध्यांबरोबर ठेवून दिली होती आणि पुढे तिनेच हात पुसले होते.

जाण्याआधी ते मुलीला काहीतरी वेळखाऊ काम काढून देत. "चिंध्या धुऊन आण." "तेलाचा डबा भरून आण." ती परत येईपर्यंत काका सुती हातमोजे घालून शेवटचा ठसा घेऊन, शेवटचं खरवडून मोकळे झालेले असत. बेड तयार. दोन वर्षांत तिने शेवटचा ठसा घेताना त्यांना कधी बघितलंच नाही.

"काका, शेवटचं मला कधी दाखवणार?"

"कायम हो, मग."

याला 'शेवटचा हात' म्हणत, आणि तो शिकाऊला द्यायचा नाही ही या कोपऱ्याची रीत होती. काकांना त्यांच्या वस्तादाने तो कायम झाल्यावर दिला होता, वस्तादाला त्याच्या वस्तादाने. सगळं शिकवून मोकळं केलं की पोरगं पलीकडे जातं, असा अनुभव होता. काकांनी पूर्वी एका मुलाला जीव लागला म्हणून सगळं दाखवलं होतं. तो मुलगा आता पलीकडच्या कंपनीत विभागप्रमुख आहे. रस्त्यात दिसला तर गाडीची काच खाली करून नमस्कार करतो. काच पुरती खाली येण्याआधी गाडी निघून जाते.

जुन्या कामगारांचं आणखी एक शहाणपण होतं, आणि या गोष्टीत सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं. त्यांच्या काळी शेवटच्या परीक्षेत जो नापास होई त्याला एक वर्ष वाढवून मिळे. पास होणारे प्रमाणपत्र घेऊन पलीकडे जात. नापास होणारे वर्षभर आणखी राबत, पुन्हा नापास होत, आणि तोवर कुठल्या तरी मशीनला, कुठल्या तरी फोरमनला त्यांची अशी सवय लागे की कंपनी मुकाट त्यांना कायम करून टाके. फोरमन दोनदा नापास झाला होता. काकाही दोनदा. भट्टीवाला तीनदा, म्हणून त्याचा मान मोठा. खालच्या मजल्यावर जो जो म्हणून टिकला होता, तो कधी ना कधी नापास झालेला होता. कंपनीचा कणा की काय म्हणतात तो हाच.

परीक्षा जवळ आली तेव्हा पलीकडच्या कंपनीने धाकट्या निळीला बोलावणं पाठवलं. आठवड्याच्या आत हो-नाही सांगायचं होतं. ती जेवणाच्या सुट्टीत काकांच्या शेजारी जाऊन बसली.

"काका, पलीकडून विचारलंय."

काकांनी डब्यातून मान वर केली नाही. "काय काम?"

"तपासणीला. मशीनच मोजतं, आपण फक्त बटण दाबायचं."

"बटण छान दाबशील. निळं उमटेल."

"चेष्टा नका करू. दादा म्हणतोय घे. मला इथे राहायचंय. पण इथे नक्की आहे का? तुम्ही सांगाल तसं करते."

आता काका ज्या पिढीतले होते तिला 'मला तू इथे हवी आहेस' हे वाक्य येत नसे. त्यांचा स्वतःचा मुलगा दूर देशी होता आणि महिन्यातून एकदा फोनवर 'तब्येत कशी' असं विचारी. कोपऱ्यात त्यांच्यानंतर बसायला कुणी नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. ते बराच वेळ डब्याचं झाकण बसवत राहिले. ते पहिल्याच फटक्यात बसलं होतं.

"थांब," ते म्हणाले. "तू जाणार नाहीस याची सोय मी करतो."

"म्हणजे तुम्ही मॅडमशी बोलणार?"

"मॅडमचं काय घेऊन बसलीस. मी सांगतो ना, थांब."

तिने पलीकडे नाही कळवलं. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. वहिनी म्हणाली, "काका सांगतायत तर असेल काहीतरी. म्हातारी माणसं उगाच शब्द देत नाहीत." वहिनीचे वडील म्हातारे नव्हते, त्यामुळे तिला हे कुठून कळलं ते कळत नाही.

लेखी पेपर आधीच होऊन गेला होता. खरी परीक्षा म्हणजे एक छोटा बेड, कोरा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने करायचा. शेवटचा ठसा परीक्षकासमोर घ्यायचा. परीक्षक एक तरुण इंजिनिअर होता, अदबशीर, परीक्षा घेताना स्वतःच जास्त घाबरलेला. वस्तादाला आत यायला बंदी.

त्या सकाळी काका दाराशी उभे होते. ती हातमोजे खिशात कोंबून, पट्टी दोन्ही हातांनी छातीशी धरून आत निघाली. काकांनी पट्टीकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. तोंड उघडलं.

"घाई करू नकोस," ते म्हणाले.

"नाही करणार."

एवढंच बोलणं झालं. घाई करू नकोस हे मोठी माणसं रस्ता ओलांडतानाही सांगतात, लग्न ठरवतानाही सांगतात. तिने ते तसंच घेतलं.

तिने काम सुंदर केलं, हे इंजिनिअरनेही मान्य केलं. शेवटी तिने पट्टी उचलली, रंग लावला, पट्टी नीट दिसावी म्हणून दिव्याखाली हातात फिरवून पाहिली, बेडवर ठेवली, सरकवली, उचलली. दोन्ही टोकांना निळं उमटलं होतं. मध्ये जवळजवळ काही नाही. तिला नवल वाटलं. टोकं तिने मघाशीच सारखी केली होती. पण निळं खोटं बोलत नाही, हे काकांनीच शिकवलं होतं. तिने टोकं खरवडली. पुन्हा पट्टी घेतली. पुन्हा टोकांना थोडं. पुन्हा खरवडलं. आजूबाजूला परीक्षक, त्याचे मदतनीस, थांबवणाऱ्या बाई, फोटो काढणारा एक जण, अशी सगळी कौतुकाने वाकून बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गार झालेल्या खोलीत, यंत्राने बेड मोजला. दोन्ही टोकं खाली गेली होती. थोडी, केसाएवढीही नाही. पण या कामात केस म्हणजे दोरखंड. आणि खरवडून काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही.

इंजिनिअर हळहळला. "एवढं चांगलं काम, आणि शेवटी हे कसं झालं?"

"निळं उमटलं होतं सर," ती म्हणाली. तिला स्वतःलाच काही उमजत नव्हतं.

काकांना बातमी कॅन्टीनमध्ये कळली. फोरमनने त्यांच्या पाठीवर थाप मारली. "गेली रे तुझी पोरगी. नापास!" भट्टीवाल्याने चहा सांगितला. तिघांनी मिळून तो अगदी समाधानाने प्यायला. धाकटी निळी दारातून आली तेव्हा काका खुर्चीतून अर्धे उठले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते दोन वर्षांत तिने पाहिलेलं नव्हतं.

"ये, ये, बस. रडायचं नाही. बरं झालं बघ! मी सांगितलं होतं ना, सोय करतो. आता आणखी एक वर्ष आहेस तू. मग बघू कोण हलवतं तुला. आम्ही सगळे असेच राहिलोय गं."

ती उभीच राहिली.

"काका, गेटचा पास परत घेतला त्यांनी."

"कुणी?"

"मॅडमनी. परवापासून येऊ नको म्हणाल्या. उद्या निरोपाचा केक आहे, त्याला ये म्हणाल्या."

भट्टीवाला म्हणाला, "अगं, वाढ असते. नापासाला वर्षाची वाढ असते."

"नसते," ती म्हणाली. "केक कापला तेव्हा सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही सगळे होतात की तिथे."

फोरमनने भट्टीवाल्याकडे पाहिलं, भट्टीवाल्याने बशीकडे. काका तर नव्हतेच तिथे.

ते वरच्या मजल्यावर पहिल्यांदाच गेले, असं नव्हतं. पण लिफ्टने पहिल्यांदाच गेले, आणि बटणावर निळं सोडून गेले. बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं.

"मॅडम, वाढ कुठे गेली?"

"ती आम्ही काढून टाकली काका. मुलांना विचारलं होतं आम्ही. नापास म्हणून वर्षभर डांबून ठेवणं अपमानाचं वाटतं म्हणाली. बरोबरच आहे ना? आता जो पास तो लगेच कायम, जो नाही तो लगेच मोकळा. कुणाला टांगून ठेवायचं नाही."

"मग तिला परत बसवा परीक्षेला."

"ते कायद्यात बसत नाही. आणि खरं सांगू, मला तिलाच ठेवायचं होतं हो. सगळ्या तुकडीत ती एकटी म्हणाली होती की मला इथेच राहायचंय. मी तिचा फोटोसुद्धा काढून ठेवला होता पोस्टरसाठी." बाईंचे डोळे खरंच भरून आले होते. "पण मग परीक्षेला अर्थ काय राहिला?"

काका खाली बघत म्हणाले, "चूक तिची नाही. मी तिला चहा सांगितला नव्हता."

"काय?"

"चहा. शेवटच्या ठशाआधीचा."

बाईंनी काळजीने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. काकांनी जमेल तसं सांगायला सुरुवात केली. पट्टी हातात धरली की हाताची ऊब तिला लागते. वरचा भाग जरा तापतो, पट्टी मध्ये उचलली जाते, टोकं टेकतात. मग निळं टोकांना उमटतं, तिथे लोखंड उंच नसतानाही. म्हणून शेवटी पट्टी घोडीवर ठेवून द्यायची आणि जायचं. तिच्याजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. चहा प्यायचा, चांगला वेळ काढून. पट्टी निवली की हातमोजे घालून उचलायची. रोजच्या कामात ते चालून जातं, नंतर सुधारता येतं. शेवटच्याला नाही.

बाईंना सगळं कळलं नाही, पण त्या न्यायी होत्या. त्यांनी इंजिनिअरला बोलावून घेतलं. काकांनी पुन्हा सांगितलं. इंजिनिअर नम्रपणे ऐकत होता.

"हो, बरोबर आहे काका. उष्णतेने धातू प्रसरण पावतो. पहिल्याच धड्यात आहे हे." तो बाईंकडे वळला. "लेखी पेपरात प्रश्नच होता यावर. तिला पूर्ण गुण मिळालेत."

"म्हणजे तिला माहीत होतं?" बाई म्हणाल्या.

"उत्तर तर बरोबर लिहिलंय."

"मग काका," बाई अगदी हळुवारपणे म्हणाल्या, "तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. चूक तिचीच आहे."

एवढ्या वर्षांत काकांची बाजू वरच्या मजल्याने पहिल्यांदाच घेतली होती. ते जिन्याने खाली आले.

केक झाला. धाकटी निळी गेली नाही. तिचा मग मात्र तिला घरपोच आला, सोबत शुभेच्छा. पास झालेल्या सगळ्या मुलांना त्याच आठवड्यात कायम नोकरी मिळाली, आणि पुढच्या तीन-चार महिन्यांत ती एकेक करून पलीकडे गेली. कायम नोकरीवाल्याला पलीकडे भाव जास्त येतो, हे योजनेत धरायचं राहून गेलं होतं. थांबवणाऱ्या बाईंनी त्यावर एक अहवाल तयार केला. तो पलीकडच्या कंपनीला इतका आवडला की त्यांनी बाईंनाच बोलावून घेतलं.

कोपऱ्यात बसायला कुणी मिळेना, म्हणून निळ्या काकांची निवृत्ती पुढे ढकलली गेली. थांबवण्याच्या योजनेत थांबलेला तो एकच माणूस. विकतच्या तरुणांशेजारी आता काकांचं मोठं पोस्टर आहे. हातात मग धरून ते कॅमेऱ्याकडे बघतायत. हसा म्हटल्यावर माणूस जसा दिसतो, तसे दिसतायत.

एका रविवारी दुपारी त्यांनी धाकट्या निळीच्या घरची बेल वाजवली. दार वहिनीने उघडलं, कडेवर बाळ. दिवाणाच्या जागी आता पाळणा होता, आणि दिवाण उभा करून भिंतीला टेकवलेला होता. तो रोज संध्याकाळी आडवा होत असावा.

"या, बसा. ती आहे घरी. अगं, बघ कोण आलंय."

ती आली. अंगावर एका मोठ्या दुकानाचा शर्ट होता, खिशावर दुकानाचं चिन्ह. तिथे ती खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायची. काकांनी आधी तिच्या बोटांकडे पाहिलं. बोटं स्वच्छ होती. नखांच्या कडेलाही काही नव्हतं.

"कसं आहे काम?"

"आहे. एसी आहे."

"चांगलं आहे."

"बाकी तुमच्याकडे?"

"चाललंय." काकांनी घसा साफ केला. "तुला एक द्यायचं राहिलं होतं."

तिला वाटलं काहीतरी वस्तू असेल. ती त्यांच्या पिशवीकडे बघू लागली. पण काकांनी पिशवी बाजूला ठेवली आणि शेवटचा हात दिला. सगळा, नीट, एकेक गोष्ट. पट्टी कशी ठेवायची, कुणाला जवळ उभं राहू द्यायचं नाही, परत आल्यावर पट्टीला गाल लावून बघायचा, हात नाही. तो गालाचा भाग त्यांनी वर इंजिनिअरलाही सांगितला नव्हता.

ती ऐकत होती. मध्येच तिच्या कपाळावर एक आठी उमटली आणि तशीच राहिली.

"म्हणजे तुम्ही चहा प्यायला जात नव्हता?"

"चहाही प्यायचो."

"सगळे तुम्हाला हसायचे. मीही हसायची."

"हसायचीस. माहीत आहे."

बाळ कुरकुरलं. वहिनी त्याला थोपटत आतल्या दाराशी उभी होती.

"त्या दिवशी दाराशी उभे होतात," ती म्हणाली. "पट्टी मी छातीशी धरली होती. बघितलंत तुम्ही."

"बघितलं."

"तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

"पास झाली असतीस," काका म्हणाले. "मग गेली असतीस."

"गेलेच की."

वहिनीने चहा केला. काका म्हणाले, नको, उशीर होतोय. रविवारी त्यांना कुठे उशीर होणार होता ते त्यांनाच ठाऊक. उठताना त्यांनी विचारलं, एकदम लहान मुलासारखं, "पलीकडे विचारून बघू का? तो विभागप्रमुख माझ्या हाताखालचा आहे. शेवटचा हात येतो तुला आता. सगळं येतं."

"आता नको काका."

"का?"

तिने खांदे उडवले. "सकाळी उठायला बरं पडतं. पाठ दुखत नाही."

ते गेले. जिन्यात त्यांची पावलं बराच वेळ वाजत राहिली. त्यांचा चहा टेबलावर निवत होता. वहिनीने कप उचलला, मग दार लावायला गेली आणि बाहेरून ओरडली, "अगं बाई, बेलच्या बटणाला बघ! आता हे कोण पुसणार?"

धाकटी निळी उठली. माळ्यावरून स्पिरिटची जुनी बाटली काढली, कापसाचा बोळा केला. निळं पाण्याने पसरतं, कडेकडून आत पुसत आणावं लागतं, हे तिला माहीत होतं. तिने ते तसं पुसलं. बटण स्वच्छ निघालं.